किपचे उपकरण आणि डॉक्टरांचे नाक

किपच्या उपकरणातून बाहेर पडणारा हायड्रोजन सल्फाइड हा गंधकी वायू मी २९ वर्षे हुंगला. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्याच्या नशिबी तो असतोच. लोहाच्या सल्फाइडच्या काळ्या कांड्यांवर सौम्य आम्ल चढले की काचेच्या त्या तिमजली भांड्यातून सडक्या अंड्यांचा वास निघे आणि व्हरांडा ओलांडून पार कला शाखेच्या वर्गापर्यंत पोहोचे. मुलांना मी सांगत असे की नळीला नाक लावायचे नाही, हाताने वारा घालून थोडासा वायू आपल्याकडे आणायचा. आणि तेवढ्यावरही नाकावर विसंबायचे नाही, शिशाच्या ॲसिटेटने भिजवलेला कागद धरायचा, तो काळा पडला तर वायू आहे. कारण या वासाला नाक फार लवकर सरावते, आणि वायूचे प्रमाण धोकादायक झाले तर नाक बधिरच होते. प्रयोगशाळेतला आमचा शिपाई त्या खोलीत बसून निवांत डबा खात असे, ते उदाहरण मी दर वर्षी न चुकता देत असे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मला कळले की तोच वायू, अगदी सूक्ष्म प्रमाणात, माझ्या स्वतःच्या तोंडात तयार होतो आहे आणि त्याचा पत्ता एका मलाच नाही.

कळले तेही अपघाताने. आम्ही कुठे बाहेर निघालो की पत्नी माझ्या हातावर लवंग ठेवत असे. एका लग्नाला निघताना मी सहज विचारले, ‘‘हे रोज कशासाठी?’’ ती चपला घालता घालता थांबली आणि म्हणाली, ‘‘अहो, तुमच्या तोंडाला वास येतो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘झाली असतील चार-पाच वर्षं.’’

त्या लग्नात मी कोणाशीही तोंड उघडून बोललो नाही. वासाचे वाईट वाटले, त्याहून अधिक त्या चार-पाच वर्षांचे वाटले. तेवढ्या काळात मी किती जणांच्या कानाशी लागून बोललो असेन, किती पालकांना जवळ बसवून समजावले असेल, याचा हिशेब मनात सुरू झाला तो थांबेना. कोण केव्हा मान फिरवून खिडकीबाहेर पाहू लागले होते, हे मला एकाएकी लख्ख आठवू लागले.

आपल्याकडे तोंडाला वास येतो म्हटले की पहिला संशय पोटावर जातो. मीही गेलो तो आधी त्रिफळा चूर्णाकडे. चार महिने रात्री कोमट पाण्यातून चूर्ण घेतले. पोट उत्तम साफ झाले, लवंग मात्र सुटली नाही. पुढे एका दंतवैद्यांनी हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा त्या बाईंनी माझे हे पोटाचे प्रकरण ऐकून घेतले आणि सांगितले की अन्ननलिका ही सताड उघडी राहणारी पन्हळ नसते, एरवी ती मिटलेली असते. ढेकर आली तर गोष्ट वेगळी, पण दिवसभर येणारा वास पोटातून वर येत राहील असे सहसा होत नाही. लुव्हेन या बेल्जियममधल्या गावी विद्यापीठाचे एक श्वासगंध चिकित्सालय आहे. तिथे आलेल्या २००० रुग्णांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या सुमारे ७६ टक्के लोकांच्या वासाचे कारण तोंडातच सापडले होते. नुसत्या जिभेवरच्या थराचा वाटा ४३ टक्के. हे आकडे मी पुढे वाचले. आधी वाचले असते तर चूर्णाच्या चार बाटल्या वाचल्या असत्या.

तपासणीच्या आधी डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोनवर सूचना आल्या, त्या मी वहीत उतरवून घेतल्या. दोन दिवस कांदा, लसूण आणि मसालेदार काही खायचे नाही. गेल्या तीन आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेले नसावे. त्या दिवशी सकाळी दात घासायचे नाहीत, चूळ भरायची नाही, चहा नाही, अत्तर नाही, दाढीनंतरचे सुवासिक पाणी नाही. दोन दिवस लसणाशिवाय स्वयंपाक करायचा म्हणजे आमच्या घरात फोडणीचाच प्रश्न उभा राहिला. हिंगही नको, असे मीच ठरवले, कारण हिंगाच्या वासातही गंधकाचीच संयुगे असतात हे मला ठाऊक होते. लसणाची गंमत तर निराळीच आहे. त्यातले एक संयुग आतड्यातून रक्तात शिरते, रक्तातून फुप्फुसांत येते आणि श्वासावाटे बाहेर पडते, त्यामुळे लसूण खाऊन कितीही गुळण्या केल्या तरी तो तोंडातून जात नाही. शेवटची सूचना मला सर्वांत अवघड गेली. ‘‘ज्यांना वास येतो त्यांना बरोबर आणा.’’

न धुतलेले तोंड आणि पत्नी अशा दोहोंसह मी सकाळी दहा वाजता तिथे पोहोचलो. मला वाटले होते की खुर्चीत बसवतील, दिवा लावतील आणि तोंडात आरसा घालतील. त्याऐवजी डॉक्टरांनी टेबलासमोर बसवून वीस मिनिटे प्रश्न विचारले. वास दिवसभर येतो की सकाळीच? नाक चोंदते का, घोरता का, तोंडाने श्वास घेता का? घशातून कधी पांढरे, दुर्गंधी खडे पडतात का? मधुमेह, मूत्रपिंड, यकृत? तंबाखू, मिश्री? कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबाची एक गोळी आणि रात्रीची ॲलर्जीची एक, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी ॲलर्जीच्या गोळीखाली रेघ मारली; अशा गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि लाळ ही तोंडाची रात्रंदिवस राबणारी मोरीवाली आहे, असे त्या म्हणाल्या. प्रश्नांच्या ओघात त्यांनी हळूच एक प्रश्न विचारला होता, ज्याचे वजन मला नंतर कळले: ‘‘हे तुम्हाला कोणी सांगितलं, की तुम्हालाच वाटलं?’’

मी पत्नीकडे बोट दाखवले आणि डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले.

लुव्हेनच्या त्या पाहणीत सुमारे १६ टक्के लोक असे होते की ज्यांना वासाची खात्री होती आणि वास नव्हता. समोरच्याने नाक खाजवले, कोणी खिडकी उघडली, कोणी दोन पावले मागे सरकले, एवढ्या खुणांवरून ती माणसे स्वतःविषयी निकाल देऊन मोकळी होतात. २००० साली याएगाकी आणि कॉइल या संशोधकांनी तोंडाच्या दुर्गंधीची जी वर्गवारी मांडली, तिच्यात खरी दुर्गंधी, भासणारी दुर्गंधी आणि दुर्गंधीचे भय असे तीन वेगळे कप्पे आहेत. भासणाऱ्या दुर्गंधीचा रुग्ण तपासणीचा निकाल दाखवल्यावर सुटकेचा श्वास टाकतो. भय जडलेल्याला निकालही पटत नाही आणि मग दातांच्या डॉक्टरांना त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेऊन सोडावे लागते. म्हणून ‘कोणी सांगितले’ हा प्रश्न. माझ्या बाबतीत साक्षीदार समोर बसलेला होता, त्यामुळे तो कप्पा लवकर मिटला. पण लग्नाच्या दिवसापासून मीही खिडक्या उघडणारे हात मोजू लागलो होतो, हे मला मान्य केले पाहिजे.

यानंतर मी विचारले, ‘‘यंत्र कुठे आहे?’’

यंत्र होते. कोपऱ्यात, टेबलावर, कापडाखाली. पण डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ते शेवटी. आधी मी वास घेणार.’’

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला याहून मोठा धक्का देता येणार नाही. ज्या नाकावर विसंबू नका म्हणून मी जन्मभर घसा कोरडा केला, तेच नाक या तपासणीचे प्रमाण उपकरण निघाले. यंत्राचे आकडे खरे की खोटे हेसुद्धा शेवटी त्याच्याशीच ताडून ठरवतात. वास घेणाऱ्या डॉक्टरलाही पथ्य असते: त्या सकाळी चहा-कॉफी नाही, सुगंध नाही, सर्दी असेल तर तपासणीच नाही. संशोधनासाठी हे काम करतात तेव्हा मध्ये पडदा ठेवतात आणि त्यातून दहा सेंटिमीटर लांबीची नळी काढून रुग्णाला तिच्यात हळू श्वास सोडायला लावतात, म्हणजे रुग्णाला वाटते की पडद्यापलीकडे काही यंत्र आहे आणि तो संकोचत नाही. आमच्या डॉक्टरांकडे पडदा नव्हता. त्यांनी मला एक ते वीस आकडे मोठ्याने मोजायला सांगितले आणि त्या माझ्या तोंडापासून वीतभराहून कमी अंतरावर नाक आणून डोळे मिटून उभ्या राहिल्या. इतक्या जवळ परके माणूस येण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचित येतो. सात-आठच्या पुढे माझा आवाज घोगरा झाला.

मग त्यांनी मला तोंड मिटून नुसत्या नाकाने श्वास सोडायला लावला, मग नाक चिमटीत धरून नुसत्या तोंडाने. या साध्या खेळात निदानाचा अर्धा भाग उरकतो. वास तोंडातूनच आला तर उगम तोंडात किंवा घशात. नाकातूनच आला तर नाक किंवा सायनस. दोन्हीकडून सारखाच आला तर तो रक्तातून फुप्फुसांवाटे येत असण्याचा संभव, आणि मग फिजिशियनकडे पाठवायचे. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो, मूत्रपिंडे थकली की अमोनियाचा, यकृत निकामी होऊ लागले की डायमिथिल सल्फाइडचा. माझ्या नाकाचा श्वास निर्मळ होता. तोंडाचा नव्हता.

शून्य ते पाच अशी मोजपट्टी असते. शून्य म्हणजे वास नाही, एक म्हणजे जेमतेम जाणवणारा, दोन सौम्य पण निश्चित, तीन मध्यम, चार तीव्र, पाच असह्य. डॉक्टरांनी आपला आकडा कागदावर लिहून तो पालथा ठेवला आणि दुसरा कागद पत्नीपुढे सरकवला. ‘‘काकू, घरचा नेहमीचा अंदाज सांगा. माझ्याकडे बघू नका, त्यांच्याकडेही बघू नका.’’ ती बराच वेळ पेन हातात धरून बसली. सदतीस वर्षांच्या संसारात तिने मला गुण दिल्याचे मला आठवत नाही, निदान लेखी तरी नाही. कागद उलटले तेव्हा डॉक्टरांचा तीन होता, तिचा चार.

मराठीत ‘तोंडाला वास येतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यय लागतो तोंडाला, आणि वास येतो दुसऱ्याच्या नाकाला. मूळ माणूस वाक्यात कुठेच नाही. त्या कागदांकडे पाहताना मला हे व्याकरण पहिल्यांदा नीट कळले. गंधकाचे प्रमाण यंत्राला मोजता येते, पण तो वास आहे की नाही आणि असेल तर किती वाईट, हे ठरवायला कोणीतरी वास घेणारा लागतोच.

पुढची तपासणी खुर्चीत झाली. प्लॅस्टिकच्या चमच्याची कड जिभेच्या अगदी मागच्या भागावरून ओढून काढली, पाच सेकंद थांबून डॉक्टरांनी तो हुंगला आणि मग माझ्यापुढे धरला. ‘‘घ्या सर, हा तुमचाच आहे.’’ तो वास मी ओळखला. बारावीची प्रयोगशाळा, हा वायू सोडून ओळखायच्या धातूंचा दुसरा गट, तांबे आणि कॅडमियम. तो तोंडात असताना मला कळत नव्हता आणि चमच्यावर येताच एका क्षणात कळला, याचे कारण तेच जे मी शिपायाच्या डब्यावरून मुलांना सांगत असे.

मग जीभ. तिचे सहा भाग कल्पून, तीन पुढे आणि तीन मागे, प्रत्येकाला थराप्रमाणे शून्य ते दोन गुण द्यायचे, म्हणजे एकूण बारा. पुढच्या तीन भागांत मला शून्य मिळाले, मागच्या तिन्हींत पैकीच्या पैकी. ‘‘जिभली वापरता ना?’’ ‘‘रोज. लहानपणापासून.’’ ‘‘करून दाखवा.’’ मी करून दाखवले आणि माझे मलाच दिसले की उबळ येईल या भीतीने माझा हात जिभेच्या मध्यावर येऊन थांबतो. पन्नासाहून अधिक वर्षे मी अर्धीच जीभ घासत होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जिभलीचे वर्णन आहे: सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची असावी, धारदार नसावी, वाकवलेली असावी. तिथेच कारणही दिले आहे, की जिभेच्या मुळाशी साठलेला मळ दुर्गंध निर्माण करतो, म्हणून जीभ खरवडावी. जिभेच्या मुळाशी. शब्द तिथे स्पष्ट होता. मागच्या भागाच्या खडबडीत पृष्ठभागावर मेलेल्या पेशी, नाकाकडून घशात उतरणारा शेंबडासारखा स्राव आणि अन्नाचे कण अडकतात, तिथे हवा पोहोचत नाही, आणि हवेविना जगणारे जिवाणू प्रथिने फोडत बसतात. सिस्टीन या अमिनो आम्लातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, मेथिओनीनमधून मिथिल मरकॅप्टन. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या टोनझेटिच या जीवरसायनशास्त्रज्ञाने वायू वेगळे करण्याच्या तंत्राने दाखवून दिले की तोंडाच्या दुर्गंधीत हेच दोघे मुख्य आहेत. ते काम गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांतले, म्हणजे मी महाविद्यालयात जाण्याच्या आधीपासूनचे.

हिरड्यांची तपासणी मला सर्वांत लांब वाटली. खुणा असलेली एक बोथट बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत सरकवायची आणि ती किती मिलिमीटर आत जाते ते पाहायचे, एकेका दाताच्या सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे उच्चारत होत्या, मदतनीस मुलगी लिहीत होती. ‘‘दोन, दोन, तीन. तीन, दोन, तीन.’’ तीनपर्यंत ठीक असते. खालच्या उजव्या दाढांशी आल्यावर ‘‘पाच, सहा, पाच, रक्त’’ असे ऐकू आले. आपल्याकडे याला पायोरिया म्हणतात. त्या खोल कप्प्यांतही हवा नसते, आणि तिथल्या जिवाणूंच्या वासात मिथिल मरकॅप्टनचा वाटा तुलनेने अधिक असतो, जो हायड्रोजन सल्फाइडहून अधिक किळसवाणा. दोन दाढांच्या मधून फ्लॉसचा दोरा ओढून तोही हुंगला गेला. एका छोट्या खुणांच्या पेल्यात पाच मिनिटे लाळ गोळा करवली, मिनिटाला ०.१ मिलिलिटरच्या खाली गेली तर तोंड कोरडे समजतात, मी काठावर पास झालो.

शेवटी यंत्रावरचे कापड निघाले. तीन मिनिटे तोंड मिटून बसायचे, मग तोंड किंचित उघडून नळी आत घ्यायची आणि श्वास रोखायचा. असे तीनदा करून सरासरी काढतात. आकडा अब्जात किती भाग या मापात येतो. माझा २४० च्या आसपास आला, आणि मला खरे सांगायचे तर आकडा पाहून बरे वाटले, आपल्या माणसात आल्यासारखे. डॉक्टरांनी माझा तो आनंद फार टिकू दिला नाही. हे यंत्र गंधकी वायू सगळे मिळून मोजते, त्यांतला कोणता किती ते सांगत नाही. मिथिल मरकॅप्टन त्याला हायड्रोजन सल्फाइडपेक्षा कमी कळतो. कोणी मद्ययुक्त माउथवॉशने चूळ भरून आले की ते फसते. आणि इंडोल, स्कॅटोल, कॅडॅव्हरीन असली गंधकाविना घाणेरडा वास मारणारी मंडळी त्याला दिसतच नाहीत. हायड्रोजन सल्फाइड, मिथिल मरकॅप्टन आणि डायमिथिल सल्फाइड हे तिन्ही गंधकी वायू वेगवेगळे मोजणारी लहान यंत्रेही निघाली आहेत, ती त्यांच्याकडे नव्हती. ‘‘मग हे ठेवलंय कशाला?’’ असे मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, ‘‘तुमच्यासारख्यांना नाकाचं पटत नाही म्हणून. आणि तीन महिन्यांनी आकडा खाली आला की तुम्हाला धीर येतो.’’

निदान कागदावर आले: खरी दुर्गंधी, उगम तोंडातच, मुख्य कारण जिभेवरचा थर, जोडीला उजव्या दाढांभोवतीचा हिरड्यांचा आजार, आणि गोळीमुळे घटलेली लाळ.

परतताना बसमध्ये मला वडील आठवले. ते तांब्याच्या जिभलीने असे खाकरत की वाड्यातल्या लोकांना घड्याळाची गरज नसे, आणि तरी त्यांच्या तोंडाला वास येत असे. खालचे पुढचे दात हलत होते, हिरड्यांतून रक्त येई, राखुंडी हिरव्यागार कडुनिंबाच्या काडीने घासली की ते थांबेल असे त्यांचे मत होते. वासाचे खापर तेही पोटावरच फोडत आणि एरंडेल घेत. शेवटची दोन वर्षे ते मला जवळ बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावत, आणि मी खुर्ची थोडी मागे सरकवून वाचत असे. अंतर राखण्यासाठी मी चष्म्याचे निमित्त काढले होते. त्यांना कोणी सांगितले नाही. मी तर रसायनशास्त्राचा शिक्षक होतो, कोणता वायू कोठून येतो हे थोडेफार मलाच ठाऊक असायला हवे होते. पत्नीवर रागावण्याचा माझा हक्क बसच्या तिकिटाएवढाही उरला नाही.

पुढच्या तीन महिन्यांत दाढांची खोल सफाई झाली, फिजिशियननी ॲलर्जीची गोळी बदलली, आणि मी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, जिभली मुळापर्यंत नेण्याची कसरत शिकलो. पहिले दोन आठवडे डोळ्यांतून पाणी येई. फेरतपासणीला पुन्हा तेच सारे: लसणाचा उपवास, न धुतलेले तोंड, वीसपर्यंत आकडे, दोन पालथे कागद. यंत्राचा आकडा ९० वर आला. डॉक्टरांच्या कागदावर एक होता. पत्नीच्या कागदावर दोन.

मी म्हणालो की प्रशिक्षित नाकाचा आकडा धरावा. पत्नी म्हणाली, ‘‘त्यांनी दहा वाजता घेतलाय. मी पहाटे साडेपाचला घेते.’’ झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि पहाटेचा वास सगळ्यांनाच असतो, असे समजावून सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडले होते. मग त्यांनी पेन उचलले आणि माझ्या फायलीत दोन्ही आकडे वेळेसह लिहून घेतले.